बाटलीची मागची बाजू

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझं डोकं कामातून गेलंय असं माझ्या घरात ठरून गेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. मुलगा आणि सूनबाई माझ्यासमोरच इंग्रजीत बोलायचे, आणि त्यात 'बाबा' एवढा एकच शब्द मराठीत यायचा. तेवढ्यावरून माणसाला सगळं कळतं.

त्याच उन्हाळ्यात, अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या इंडियन ग्रोसरीच्या दुकानात, मला हा माणूस भेटला. बाहेर ऊन असं की ढकलगाडीची दांडी हाताला चटका देत होती, आणि हा कानावर लोकरीची टोपी ओढून मसाल्यांच्या रांगेत फिरत होता. सूनबाईंनी आमच्या गाडीत एक बाटली ठेवली. बाटलीवर माणसाचं डोकं, डोक्यात निळा मेंदू, आणि मेंदूतून ठिणग्या उडतायत. हा सरळ आला आणि ती बाटली उचलून हातात घेतली.

"हे कुणासाठी?"

"बाबांसाठी, काका. मेमरीचं आहे."

"त्यांनी मागितलं?"

"नाही, पण..."

"मग चित्र बघून घेतलंत. मेंदूचं चित्र काढायला मेंदू लागत नाही, पेन्सिल लागते. मागे बघा, मागे." त्याने खिशातून दोरीला बांधलेलं भिंग काढलं. "हे बघा, प्रोप्रायटरी ब्लेंड. म्हणजे काय? म्हणजे चिवडा. पोहे किती, शेंगदाणे किती, काजू घातलाय की नुसता दाखवलाय, सांगणार नाही. वजन सगळ्या चिवड्याचं मिळून."

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "ओ, दुसऱ्याच्या गाडीत हात घालायचा नाही. आमच्याकडे असा हात घातला तर पट्ट्यात जातो."

त्याने भिंगातूनच माझ्याकडे बघितलं. "गिरणी होती का?"

"चाळीस वर्षं. बार्शीला."

"मग तुम्हाला कळेल. गिऱ्हाईकानं ज्वारी दिली आणि तुम्ही त्याला भलतंच मिसळलेलं पीठ दिलंत, तर?"

"जोड्यानं मारेल."

"हे लोक मारत नाहीत. पुढच्या महिन्यात तीच बाटली घ्यायला परत येतात."

बाटली फळीवर गेली. सूनबाईंचा चेहरा लाल झाला होता. गाडीत म्हणाल्या, "बाबा, त्यांना सगळे बाटलीकाका म्हणतात. लक्ष देऊ नका." मी लक्ष दिलं. आम्ही एकमेकांना पुढे कायम अहो-जाहोच केलं, पण मनात मी त्याला अरे-तुरेच म्हणतो, म्हणून इथेही तसंच लिहितो. कुणाला खटकलं तर खटकू दे.

बाटलीकाका या नावामुळे पुण्या-नागपूरहून नवीन आलेल्या पोरांचा घोटाळा व्हायचा. त्यांना वाटायचं, म्हातारा पितो. एकाने तर त्याला घरी बोलावून ग्लास पुढे केला होता. त्याने ग्लास बाजूला सारला, टेबलावरची झोपेच्या गमीची, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांची, डबी उचलली, आणि पाऊण तास त्या पोराला साखर किती आहे ते वाचून दाखवलं. परत त्या घरी बोलावणं नाही.

तो शिकागोकडून आलेला. तिकडे तीस वर्षं एका कारखान्यात कॅप्सूल भरायच्या मशीनवर होता. कारखान्याचं नाव त्याने कधी सांगितलं नाही. म्हणायचा, "नावात काय आहे? एकाच पिंपातली पावडर तीन बाटल्यांत जायची. एकावर हृदय, एकावर गुडघा, एकावर मेंदू. पावडरीला बिचारीला माहीत नसायचं आपण कुठे चाललोय." बायको गेल्यावर मुलीकडे शुगर लँडला आला. लोकरीची टोपी शिकागोची. इथे एसी फार लावतात, असं कारण द्यायचा, पण बाहेर अंगणातही काढायचा नाही.

उन्हाळ्यात बाहेर चालणं शक्य नाही, म्हणून तो दुकानात चालायचा. सकाळी दुकान उघडलं की वीस फेऱ्या, रिकामी गाडी पुढे ढकलत. जाता जाता लोकांच्या गाडीत डोकावायचं. ज्याच्या गाडीत जी बाटली, ते त्याचं नाव. "काय ओमेगा, बरे आहात ना?" "गिंको, रक्त पातळ करायची गोळी घेताना हे घेऊ नका, डॉक्टरला विचारा आधी." मॅनेजर रोज त्याला हाकलायचं ठरवायचा आणि रोज चहा द्यायचा. मला तो गिरणीवाले म्हणायचा. माझ्या गाडीत कधी बाटली सापडली नाही, म्हणून धंद्याचं नाव.

अक्रोड घेणाऱ्यांनाही सोडायचा नाही. "मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, होय? मग टक्कल पडलं की नारळाची शेंडी खाता का?" वर हेही सांगायचा, "खा, अक्रोड चांगला आहे. हे कारण मात्र माझ्या तोंडावर मारू नका."

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तर त्याने कहर केला. एक तरुण मुलगा मोठ्या पडद्यावर चित्रं लावून बोलत होता. विषय, मेंदू तल्लख कसा ठेवावा. मुलगा हुशार होता, वाईट नव्हता. त्याने विचारलं, "किती जण ओमेगा थ्री घेतात?" अर्ध्या हॉलने हात वर केले.

मागच्या रांगेतून हा ओरडला, "ते कशाचं असतं?"

"काका, फॅटी ॲसिड आहे."

"तसं नव्हे. तेल कशाचं?"

मुलगा घुटमळला. "यूज्वली... फिश ऑइल."

पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी हातातली करंजी ताटलीत ठेवली. "अहो, मी एकादशीलासुद्धा घेते!"

"काकू, मासा आत आहे, आणि बाहेरचं ते चमकणारं कवच जिलेटिनचं. हाडं, कातडी," हा म्हणाला.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. अध्यक्ष माईकवरून म्हणाले, "काका, प्लीज खाली बसा."

"मी बसतो. मासा काही आता उठत नाही."

माझ्या पोटात हसून हसून दुखायला लागलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच काकू त्याच्या मुलीच्या गॅरेजमध्ये आल्या, तेव्हा मी तिथेच होतो. त्याने त्यांना नीट बसवलं. शेवाळ्यापासून काढलेलंही तेल मिळतं, मासासुद्धा ते शेवाळ्यातूनच मिळवतो, हे समजावलं. मग म्हणाला, "पण आधी सांगा, तुमच्यात काय कमी आहे म्हणून घेताय?"

"सगळे घेतात म्हणून."

"मग तेच कमी आहे, काकू."

काकू रागावून गेल्या आणि आठ दिवसांनी त्याच्यासाठी थालीपीठ घेऊन आल्या.

त्या गॅरेजमध्ये मी इंग्रजी शिकलो. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी दया केली म्हणून. फळ्यांवर त्याने शेकडो बाटल्या ठेवल्या होत्या, काही खिळे-स्क्रूंनी भरलेल्या, काही अजून सीलबंद. एक बाटली हातात द्यायचा आणि म्हणायचा, "पुढची बाजू त्यांची. मागची आपली. वाचा." मी एक एक अक्षर जोडायचो. पोरं शाळेत मांजर-उंदीर शिकतात, मी झिंक आणि मॅग्नेशियम शिकलो. चुकलं तर तो हसायचा नाही. एरवी सगळ्या जगाला हसणारा माणूस, पण अक्षर लावणाऱ्याला कधी हसला नाही.

स्वतः तो भाकरी, पालेभाजी आणि डब्यातले सार्डिन मासे खायचा. त्या वासामुळे मुलीने त्याला गॅरेजमध्ये जेवायला लावलं होतं. रोज चालायचा, दुपारी झोपायचा नाही, आणि कानातलं मशीन कधी काढायचा नाही. "कान बंद पडला की डोकंही दुकान आवरायला घेतं," म्हणायचा.

आता माझं काय झालं होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय हा माणूस कळणार नाही.

आमच्या घराच्या दाराला किल्ली नाही, नंबर आहे. चार आकडे दाबायचे. बाहेर पडायला नंबर लागत नाही, आत यायला लागतो. मे महिन्यात एकदा मी फिरून आलो आणि नंबर आठवेना. घरात कुणी नव्हतं. चाळीस वर्षं ज्यानं कुणाचं किती दळण, कुणाचं जाड, कुणाचं बारीक, सगळं डोक्यात ठेवलं, त्याला चार आकडे आठवेनात. दोन तास उन्हात पायरीवर बसलो. सूनबाई आल्या तेव्हा मी त्यांना बघून 'कोण पाहिजे?' असं विचारलं म्हणे. मला ते आठवत नाही, पण त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत.

मुलाने मला एका मोठ्या दवाखान्यात नेलं, डोक्याची परीक्षा घ्यायला. डॉक्टर इंग्रजीत विचारणार आणि फोनवरून एक बाई मराठीत सांगणार. त्या बाई म्हणाल्या, "एका मिनिटात 'फ'ने सुरू होणारे जास्तीत जास्त शब्द सांगा." मी म्हटलं, फणस, फावडं, फडकं, फटका. मग मला राग आला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला काय विचारताय? मी म्हटलं, "फाजीलपणा," आणि गप्प बसलो. कागदावर लिहिलं गेलं, पाच शब्द. नापास.

मेंदूचे फोटो काढायला पुढची तारीख मिळाली. तोवर घरात दोन गोष्टी झाल्या. दाराचा नंबर बदलला, आणि नवा मला सांगितला नाही, म्हणजे मी एकटा बाहेर पडणार नाही. आणि म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या एका केंद्रात माझ्या नावाचा फॉर्म भरायचं ठरलं. चाळीस वर्षं गिरणीचं दार मी सकाळी उघडलं आणि संध्याकाळी मी लावलं. आता माझ्याच घरात मी दार वाजवणारा पाहुणा झालो. तेव्हापासून बाहेर म्हणजे एकच, सूनबाई मला सकाळी दुकानाशी सोडायच्या आणि तासाभराने न्यायच्या. तेही हा माणूस तिथे असतो म्हणून.

तर ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही फेऱ्या मारून तांदळाच्या पोत्यांपाशी दम खायला थांबलो होतो. मी खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि मोजून सहा बदाम तोंडात टाकले.

"सहाच?"

"सहा घरी झाले. रोज बारा."

"तेरा खाल्ले तर काय होतं?"

"डॉक्टरचा हुकूम आहे. मार्चमध्ये रक्त तपासलं होतं. फोन आला, मराठी बोलणारी बाई होती. म्हणाली, आजोबा, तुमचं बी बारा फार कमी आहे, रोज घेतलंच पाहिजे, नाहीतर विसराळूपणा वाढेल. चिठ्ठी लागत नाही, दुकानात मिळतं."

"आणि तुम्ही बदाम सुरू केलेत."

"बी कसली ते तिनं सांगितलं नाही. पण डोक्यासाठी बी म्हटल्यावर बदामाची, हे काय सांगायला पाहिजे?"

तो पोत्यावर बसला आणि हसायला लागला. असा हसला की टोपी खाली पडली, आणि त्याचं टक्कल मी पहिल्यांदा बघितलं. मॅनेजर धावत आला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला झटका आला. माझी मूठ वळली होती. आणि मग हसता हसता तो एकदम थांबला.

"गिरणीवाले, पाय बधिर होतात का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जीभ?"

"सोलल्यासारखी."

"चालताना कापसावर पाय पडल्यासारखा?"

मी त्याच्या शेजारी पोत्यावर बसलो. हे मी घरात कुणालाही बोललो नव्हतो. बोललो असतो तर आणखी एक कुलूप लागलं असतं.

तो हळू आवाजात म्हणाला, "ते बी म्हणजे बी नव्हे. ए बी सी डीमधलं बी. व्हिटॅमिन बी ट्वेल्व्ह. ते जंतू बनवतात, जनावराच्या पोटात. मांस, अंडं, दूध, यातून माणसाला मिळतं. तुम्ही अंडं खात नाही, दूध तुम्हाला पचत नाही, चहा कोरा पिता. वर साखरेची गोळी किती वर्षं?"

"दहा."

"त्या गोळीनंही कमी होतं काहींचं. आणि तुम्ही बसलाय बदाम मोजत. बदामात ते औषधालासुद्धा नाही."

पाच महिने. पाच महिने मी इमानदारीत बारा बिया चावत होतो, आणि रोज थोडा थोडा विसरत चाललो होतो. मी म्हटलं, "मग त्या बाईला सरळ सांगायला काय झालं होतं?"

"तिनं सरळच सांगितलं. तुम्हीही सरळच ऐकलंत." त्याने टोपी झटकून डोक्यावर ओढली. "चला."

मला वाटलं, आता हा जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी बाटली घेऊन देणार. तो फळीकडे वळलाच नाही. "पाय बधिर झालेत म्हणजे आधी डॉक्टर. गोळी का सुई ते तो सांगेल, मी नाही." गाडी तशीच रांगेत सोडून तो मला चालवत आमच्या घरी घेऊन आला. त्या उन्हात, टोपीसकट.

सूनबाईंनी बेल ऐकून दार उघडलं आणि कानाला हेडफोन तसाच ठेवून वरच्या खोलीतल्या मीटिंगला परत गेल्या. हा मागोमाग जाऊन टेबलासमोर उभा राहिला.

"मीटिंग कॅन्सल करा."

"काका, काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"नाहीत. त्या डॉक्टरचं कॉम्प्युटरवर असतं ना, पोर्टल का काय ते, उघडा. मार्च महिना."

त्यांनी उघडलं. वाचता वाचता त्यांचा हात तोंडावर गेला. मेसेज तिथेच होता, न उघडलेला. "बाबा, तुम्ही तर म्हणालात सगळं नॉर्मल आहे, फक्त बदाम खायला सांगितलेत."

"मला तेच ऐकू आलं."

"आम्ही बघायला हवं होतं. सॉरी बाबा. आय ॲम सो सॉरी." त्या रडायला लागल्या. त्यांना खडसावायची मला चांगली संधी होती. पण चूक माझीही होती, आणि ती कबूल करायला मला फार जड गेलं. आजही जातं.

हा मात्र म्हणाला, "तिघांत मिळून एक मार्च महिना वाचता आला नाही तुम्हाला. आता रडू नका, फोन लावा."

सुया सुरू झाल्या. आधी दिवसाआड, मग आठवड्याने. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, किती भरून येईल ते बघू. पहिल्यांदा जीभ आली. मग पायाखाली फरशी आली, थंड, कडक, खरी फरशी. मग एका सकाळी दात घासताना मला जुन्या गिऱ्हाइकांची नावं ओळीनं आठवायला लागली. सगळं परत आलं नाही. सूनबाईंच्या आईचं नाव अजून आठवत नाही, पण ते आधीही आठवत नव्हतं.

मंडळात बातमी पसरली की गिरणीवाल्याचं डोकं बी ट्वेल्व्हनं परत आलं. झालं, दुकानातली फळी दोन दिवसांत रिकामी. हा त्या फळीपुढे आडवा उभा राहिला. "ज्याची टाकी रिकामी, त्यानं भरायची! आधी रक्त तपासा. भरल्या टाकीत ओतून काय करणार, संडासाला व्हिटॅमिन पाजणार?" मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचं जे होतं ते भरून येण्यातलं होतं, म्हणून आलं. प्रत्येकाचं तसं नसतं. हे लोकांना सांगा. नाहीतर तुम्हीच माझ्या फळीवरची नवी बाटली व्हाल, चित्रासकट."

म्हणून सांगतोय.

हा माणूस गेल्या वर्षी गेला. जायच्या आधी दोन वर्षं तो विसरायला लागला होता. त्याचं रक्त दहा वेळा तपासलं, त्यात काही कमी निघालं नाही. दुकानात लोक मला ऐकू जाईल असं बोलायचे, "बघा, आयुष्यभर एक गोळी घेतली नाही, म्हणून हे झालं." मी त्यांना तिथेच उत्तर द्यायचो आणि इथेही देतो. मी विसरणार नाही, असं तो कधी म्हणाला नव्हता. बाटली तुम्हाला वाचवेल असं छातीठोक सांगणारा खोटा आहे, एवढंच तो म्हणायचा. ते तो निरोगी असताना खरं होतं आणि तो विसरला तेव्हाही खरं होतं. मी शेवटचा भेटलो तेव्हा त्याने मला ओळखलं नाही. चहा संपल्यावर कप उलटा करून बघत बसला.

"मागे काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

मी वाचलं. "मेड इन चायना."

"खरं लिहिलंय," तो म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं.

आता परत मागे जातो, त्या २०१९च्या ऑक्टोबरमधल्या रविवारी. तो सांगितला की थांबतो.

माझे पाय परत आले होते, डोकं बरंचसं परत आलं होतं, पण केंद्राचा फॉर्म तसाच होता. सोमवारी नऊ वाजता व्हॅन मला न्यायला येणार होती. हा न बोलावता चहाला आला. मुलगा टेबलाशी फॉर्मचा कागद घेऊन बसला होता.

मुलगा म्हणाला, "काका, बी ट्वेल्व्हचं तुम्ही पकडलंत, त्यासाठी थँक यू. खरंच. पण बाबा टेस्टमध्ये फेल झालेत. मी रिस्क नाही घेऊ शकत. तिथे लोक असतात, ॲक्टिव्हिटीज असतात, आम्हालाही ऑफिसात टेन्शन राहणार नाही."

"म्हणजे औषध तुला पाहिजे, आणि घ्यायचं ह्यांनी."

"काका, प्लीज. तुम्ही डॉक्टर नाही आहात."

"नाही. मी बाटल्या भरायचो आणि लेबल लावायचो. लेबल एकदा लागलं की सुटत नाही. गरम पाण्यात घाल, नखानं खरवड, गोंद राहतोच. तू बापाला लेबल लावतोयस. परीक्षा घेतली त्या दिवशी त्याच्या रक्तात काय कमी होतं, ते मागे वाचलंस का?"

मुलगा चिडला. "पुढच्या महिन्यात टेस्ट परत आहे. तोपर्यंत जाऊ दे ना त्यांना. काय बिघडतं?"

हा माझ्याकडे वळला. "गिरणीवाले, मीच किती भांडू? तोंड आहे ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "मी जाणार नाही."

"बाबा, आणि बाहेर कुठे हरवलात तर?"

"हरवलो तर माझा मी सापडेन."

"मग तुम्हीच कळवा त्यांना!" मुलगा कागद आपटून उठला. "फॉर्म मी भरलाय, व्हॅन येणार आहे. मी नाही फोन करणार."

"बरं," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी नमलो. सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हळूच म्हणाल्या, "बाबा, दाराचा नंबर सांगते. लिहून देऊ?"

"नको. परत येईन तेव्हा बेल वाजवीन. घरात माणसं आहेत ना?"

दारापर्यंत मी त्याला सोडायला गेलो. त्याने विचारलं, "उद्या येऊ का बरोबर?"

"नको."

"बरं झालं. हो म्हणाला असतात तर आलो नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी बूट घातले आणि बाहेर पडलो. मागे दार आपोआप लागलं. रस्ता गाडीतून एकदाच बघितलेला होता. तळ्यापर्यंत फुटपाथ आहे, पुढे नाही, म्हणून गवतातून चाललो. एक गाडी हळू झाली, आतल्या माणसाने काच खाली करून काहीतरी विचारलं. मी हाताने त्याला पुढे जा म्हटलं. एका चौकात चुकलो, परत फिरलो, आणि दुसऱ्या बाजूने वळलो. केंद्रावर पोचलो तेव्हा आठ वाजत होते.

काचेच्या दाराआड एक बाई बसल्या होत्या. रस्ताभर घोकलेलं वाक्य मी म्हटलं, "माय नेम, कट." मग माझं नाव सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं, मान हलवली, आणि माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघायला लागल्या. मागून कुणी येतंय का बघत होत्या. मग विचारलं, "हू इज विथ यू, सर?"

मी म्हटलं, "मी."

सांगितलं मराठीत, पण त्यांना इंग्रजीत कळलं. त्यांनी माझं नाव काढून टाकलं, आणि मी घराकडे चालायला लागलो.